तेज आणि तापमान यांवरून ताऱ्याचे अंतर : अगस्त्याच्या निमित्ताने

देवगड तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात रात्री नऊच्या सुमारास ते मुलांना किनाऱ्यावर आकाश दाखवायला नेतात, तेव्हा दक्षिणेला वर व्याध आणि बराच खाली अगस्त्य असे दोन ठळक तारे दिसतात. रंगावरून तापमान कळते, तापमानावरून खरे तेज कळते आणि खऱ्या तेजावरून अंतर निघते, अशी साखळी ते मुलांना सांगतात. अगस्त्य व्याधापेक्षा थंड आहे, म्हणजे या साखळीप्रमाणे त्याचे खरे तेजही कमी असले पाहिजे आणि अंतरही व्याधाच्याच आसपास निघाले पाहिजे. प्रत्यक्षात व्याध ८.६ प्रकाशवर्षांवर आणि अगस्त्य सुमारे ३१० प्रकाशवर्षांवर आहे. तर मग साखळी कोठे तुटते, आणि शाळेतल्या मुलांना एखादे तरी अंतर स्वतः काढता येईल का?

तेजोमापनाच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण तो नेमक्या त्या कडीवर बोट ठेवतो जी सोप्या पुस्तकांतून गाळली जाते. तापमान आणि भासणारे तेज या दोन गोष्टी अचूक मोजल्या तरी त्यांवरून अंतर निघत नाही. मधे तिसरी गोष्ट लागते, ती म्हणजे ताऱ्याचा आकार. हा आकार थेट मोजता येत नाही असे बहुसंख्य तारे आहेत, आणि तरीही तो ओळखण्याची जी युक्ती सापडली तिच्यावरच ही सारी पद्धत उभी आहे.

प्रथम तेजाविषयी. समुद्रावर रात्री दिसणाऱ्या दिव्यांपैकी जवळच्या होडीचा मिणमिणता दिवा कोणता आणि क्षितिजाजवळच्या जहाजाचा प्रखर दिवा कोणता, हे नुसत्या भासणाऱ्या उजेडावरून ठरवता येत नाही. दिवा मुळात किती प्रखर आहे हे ठाऊक असेल तरच त्याचे अंतर सांगता येते. ताऱ्यांचेही तसेच आहे. अंतर दुप्पट झाले की भासणारे तेज चौथा हिस्सा राहते आणि दहापट झाले की शंभरावा. खगोलशास्त्रज्ञ तेज ‘प्रती’मध्ये मोजतात; प्रतीचा आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी, फार तेजस्वी ताऱ्याचा तर उणे, आणि पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात बरोबर शंभरपटीचा फरक, हा आज वापरात असलेला दंडक नॉर्मन पॉग्सन यांनी १८५६ मध्ये मांडला. हेच पॉग्सन पुढे १८६१ पासून मद्रास वेधशाळेचे प्रमुख होते. तारा आपल्याला जसा दिसतो ती त्याची दृश्यप्रत, आणि तोच तारा १० पार्सेक, म्हणजे ३२.६ प्रकाशवर्षे, अंतरावर ठेवला असता जशी दिसली असती ती निरपेक्ष प्रत. दृश्यप्रतीतून निरपेक्ष प्रत वजा करावी, उत्तरात ५ मिळवून ५ ने भागावे आणि १० चा तितकावा घात घ्यावा, की अंतर पार्सेकमध्ये मिळते. व्याधाची दृश्यप्रत उणे १.४६ आणि निरपेक्ष प्रत १.४३ आहे, या हिशेबाने २.६४ पार्सेक, म्हणजेच ८.६ प्रकाशवर्षे येतात.

किनाऱ्यावरून निरीक्षण करणाऱ्याने येथे एक खबरदारी घेतली पाहिजे. देवगडहून पाहता अगस्त्य फार तर २१ अंश वर येतो, तर व्याध ५७ अंशांवर असतो. त्यामुळे अगस्त्याच्या प्रकाशाला व्याधाच्या तुलनेत दुपटीहून अधिक हवा ओलांडून यावे लागते. समुद्राजवळच्या दमट, क्षारकणांनी भरलेल्या हवेत डोक्यावरच्या ताऱ्याचे तेज ०.३ प्रतीने घटते असे धरले, तर अगस्त्य व्याधापेक्षा जवळपास अर्धी प्रत जादा मंद होतो. खऱ्या दृश्यप्रतींत या दोघांमध्ये ०.७ प्रतीचाच फरक असताना किनाऱ्यावरून तो १.२ च्या घरात भासतो, आणि ही दुरुस्ती केली नाही तर अंतरात पाव हिश्शाची चूक शिरते. म्हणून ताऱ्याची प्रत त्याच्या वेगवेगळ्या उंचीवर मोजून त्या रात्रीच्या हवेचा परिणाम आधी वेगळा काढावा लागतो. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळून पुढचा एकही आकडा विश्वासाचा ठरत नाही.

आता तापमान. तापलेल्या पृष्ठभागाचा सर्वांत जास्त प्रकाश कोणत्या तरंगलांबीला बाहेर पडतो हे त्याच्या तापमानावर ठरते. सूर्याचा पृष्ठभाग ५,७७२ केल्विन तापमानाचा आहे आणि त्याचा कळस ५०० नॅनोमीटरच्या आसपास येतो. ९,९०० केल्विनच्या व्याधाचा कळस अतिनील भागात जातो, तर ३,९०० केल्विनच्या रोहिणीचा तांबड्याच्याही पलीकडे, अवरक्त भागात. प्रत्यक्ष मोजताना आम्ही तारा एकदा निळ्या आणि एकदा पिवळट-हिरव्या गाळणीतून पाहतो आणि दोन प्रतींची वजाबाकी करतो. हा रंगांक व्याधासाठी शून्य, सूर्यासाठी ०.६५ आणि रोहिणीसाठी १.५४ येतो. या वजाबाकीचे महत्त्व असे, की तारा दूर गेला तर निळा आणि हिरवा दोन्ही प्रकाश सारख्याच प्रमाणात कमी होतात, म्हणून त्यांचे गुणोत्तर बदलत नाही. ताऱ्याविषयीची ही माहिती अंतर ठाऊक नसतानाही मिळते, आणि म्हणूनच अंतर काढण्याच्या कामी ती उपयोगी पडते.

तापमान कळण्याचा दुसरा, अधिक भरवशाचा मार्ग म्हणजे वर्णपटातील काळ्या रेषा, म्हणजे ताऱ्याच्या वातावरणातल्या अणूंनी प्रकाश शोषल्याच्या खुणा. कोकणातल्या वाचकांना विजयदुर्ग आणि हेलियम यांची सांगड ठाऊक असते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची छाया विजयदुर्गावरून गेली, आणि त्या वर्षी सूर्याच्या कडेच्या वर्णपटात दिसलेल्या एका पिवळ्या रेषेचा सोडियमशी मेळ बसेना, त्यातून हेलियमचे नाव पुढे आले. पृथ्वीवर तो वायू हाती लागायला १८९५ साल उजाडले. सूर्यात हेलियम इतका विपुल असताना त्याच्या नेहमीच्या वर्णपटात तो दिसत का नाही, याचे उत्तर तापमानात आहे. हेलियमच्या शोषणरेषा उमटायला साधारण दहा हजार केल्विनहून अधिक तापमान लागते, म्हणून त्या मृगातल्या राजन्यासारख्या निळसर ताऱ्यांत दिसतात, सूर्याच्या पृष्ठभागाच्या वर्णपटात दिसत नाहीत. कोणत्या तापमानाला कोणत्या मूलद्रव्याचे अणू किती प्रमाणात इलेक्ट्रॉन गमावतात याचे समीकरण मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये दिले, आणि १९२५ मध्ये सिसिलिया पेन यांनी ते वापरून दाखवून दिले की ताऱ्यांच्या वर्णपटांतील फरक मुख्यतः द्रव्याचे नसून तापमानाचे आहेत. ओ, बी, ए, एफ, जी, के, एम ही वर्गवारी म्हणजे उतरत्या तापमानाचीच यादी आहे.

आता मूळ अडचणीकडे येऊ. पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरमधून बाहेर पडणारी ऊर्जा तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. व्याध आणि सुमारे ७,४०० केल्विनचा अगस्त्य यांची तुलना केली, तर व्याधाचा एक चौरस मीटर अगस्त्याच्या एका चौरस मीटरहून सुमारे तिपटीने जास्त ऊर्जा देतो. येथपर्यंत शिक्षकांचे म्हणणे अगदी बरोबर आहे. परंतु ताऱ्याचे एकूण तेज म्हणजे हा दर गुणिले सगळा पृष्ठभाग. व्याधाची त्रिज्या सूर्याच्या १.७ पट आहे, तर अगस्त्याची सत्तरपटीच्या आसपास. त्यामुळे अगस्त्याचा पृष्ठभाग व्याधाच्या सतराशे पटींच्या घरात जातो, आणि तिपटीचा तोटा वजा जाऊनही तो व्याधापेक्षा पाचशेहून अधिक पट तेजस्वी ठरतो. उलट टोकाचे उदाहरण व्याधाशेजारीच आहे. त्याचा सहचर तारा सुमारे २५,००० केल्विन तापमानाचा असूनही आकाराने जेमतेम पृथ्वीएवढा आहे, आणि म्हणून व्याधाच्या बरोबरीच्याच अंतरावर असताना तो व्याधापेक्षा सुमारे नऊ हजार पटींनी मंद दिसतो.

मग आकार कसा ओळखायचा? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एज्नार हर्ट्झस्प्रुंग आणि हेन्री नॉरिस रसेल या दोघांनी स्वतंत्रपणे, अंतर ठाऊक असलेल्या ताऱ्यांचे तापमान आणि निरपेक्ष तेज एकमेकांसमोर मांडून पाहिले. तारे कागदभर विखुरले नाहीत. बहुतेक तारे एका तिरक्या पट्ट्यात बसले, ज्याला आपण मुख्य क्रम म्हणतो, आणि थोडे तारे थंड असूनही अतिशय तेजस्वी निघाले, म्हणजेच ते राक्षसी आकाराचे होते. मुख्य क्रमावरच्या ताऱ्यांपुरती शिक्षकांची साखळी खरी आहे, कारण तेथे तापमान ठरले की आकारही जवळजवळ ठरून जातो. तारा मुख्य क्रमावर नसेल तेथे ती तुटते, आणि अगस्त्य तसाच तारा आहे.

राक्षसी तारा आणि मुख्य क्रमावरचा तारा यांतील फरक वर्णपटात दिसतो, हे हार्वर्ड वेधशाळेत अँटोनिया मॉरी यांनी टिपलेल्या बारीक रेषांच्या ताऱ्यांवरून हर्ट्झस्प्रुंग यांच्या ध्यानात आले होते. कारण समजायला कठीण नाही. राक्षसी ताऱ्याचे वस्तुमान अवाढव्य आकारात पसरलेले असते, त्यामुळे पृष्ठभागावरचे गुरुत्व क्षीण आणि तेथल्या वायूचा दाब कमी असतो. दाब कमी म्हणजे अणूंची एकमेकांशी झटापट कमी, आणि म्हणून व्याधाइतक्या तापमानाच्या राक्षसी ताऱ्यांत हायड्रोजनच्या रेषा अरुंद राहतात. दाट वातावरण असलेल्या मुख्य क्रमातील ताऱ्यात त्याच रेषा रुंद पसरतात. थंड ताऱ्यांत खूण निराळी असते. साहा यांच्या समीकरणाप्रमाणे दाब कमी असला की त्याच तापमानाला अणू अधिक सहज आयनित होतात, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावतात, म्हणून राक्षसी ताऱ्यात आयनित स्ट्रॉन्शियमच्या रेषा ठळक होतात. १९१४ मध्ये माउंट विल्सन वेधशाळेत वॉल्टर ॲडम्स आणि आर्नोल्ड कोलश्युटर यांनी अशाच रेषांच्या तुलनेवरून निरपेक्ष प्रत ठरवण्याची रीत घालून दिली, आणि १९४३ मध्ये मॉर्गन, कीनन व केलमन यांनी तेजाचे एक ते पाच असे वर्ग पक्के केले. पाचवा वर्ग मुख्य क्रमाचा, तिसरा राक्षसी ताऱ्यांचा, पहिला महाराक्षसी ताऱ्यांचा.

हा वर्ग चुकला तर काय होते ते रोहिणीवर करून पाहण्यासारखे आहे. रोहिणी के-५ वर्गाची आहे, आणि हंस तारकासमूहातला ६१ क्रमांकाच्या जोडताऱ्यातला मोठा ताराही के-५ वर्गाचाच आहे. हा तोच ६१ हंस, ज्याचे अंतर फ्रीडरिश बेसेल यांनी १८३८ मध्ये पराशय, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याची जागा किंचित सरकलेली भासते तो कोन, मोजून काढले, तो ११.४ प्रकाशवर्षांवर आहे आणि त्याची निरपेक्ष प्रत ७.५ येते. रोहिणीची दृश्यप्रत ०.८६ आहे. दोघांचा तापमान-वर्ग एकच, म्हणून रोहिणीचीही निरपेक्ष प्रत ७.५ धरली, तर तिचे अंतर अवघे दीड प्रकाशवर्ष निघते, म्हणजे सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी मानल्या जाणाऱ्या, ४.२ प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याहूनही ती जवळ ठरते. वर्णपट मात्र स्पष्ट सांगतो की ती तिसऱ्या वर्गातली, राक्षसी आहे. तिची निरपेक्ष प्रत सुमारे उणे ०.६५ आहे, आठ प्रतींहून अधिक तेजस्वी, आणि मग अंतर ६५ प्रकाशवर्षे येते, जे पराशयाशी जुळते.

महाराक्षसी आणि त्यांच्या जवळपासच्या ताऱ्यांत ही रीत इतकी नेमकी राहत नाही, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे, कारण तेथे एकाच वर्गात तेजाचा पल्ला फार मोठा असतो. हिपार्कोस उपग्रहाने पराशय मोजण्यापूर्वी अगस्त्याच्या अंतराचे अंदाज शंभरपासून बाराशे प्रकाशवर्षांपर्यंत पसरलेले होते. एकट्या ताऱ्याच्या निरपेक्ष प्रतीत एका प्रतीची शंका असेल तर अंतरात दीडपटीहून अधिक फरक पडतो. थंड ताऱ्यांच्या बाबतीत यावर एक सुंदर तोड आपले खगोलशास्त्रज्ञ वेणू बापू यांनी ओलिन विल्सन यांच्याबरोबर १९५७ मध्ये दिली. आयनित कॅल्शियमच्या खोल काळ्या रेषेच्या मध्यभागी एक बारीक उजळ रेषा असते, आणि तिची रुंदी ताऱ्याच्या निरपेक्ष तेजाबरोबर वाढते, तापमान काहीही असो. रेषेची रुंदी मोजायची आणि तेज वाचायचे, इतकी ती थेट आहे.

आणखी एक अडथळा अवकाशातच आहे. ताऱ्यांमधली धूळ निळा प्रकाश जास्त आणि तांबडा कमी अडवते, त्यामुळे तारा मंद तर होतोच, शिवाय खोटा थंड दिसतो. अवकाश पारदर्शक आहे असे धरून अंतरे काढली जात होती, तोपर्यंत आकाशगंगेचे आराखडेच चुकत होते; १९३० मध्ये रॉबर्ट ट्रम्प्लर यांनी तारकागुच्छांच्या अभ्यासातून ही धूळ निर्विवाद सिद्ध केली. सुदैवाने वर्णपटातील रेषांचा क्रम धुळीने बदलत नाही. रेषांवरून ताऱ्याचा मूळ रंगांक किती असायला हवा ते कळते, मोजलेला रंगांक त्याहून जितका जास्त तितकी धूळ वाटेत आहे, आणि त्या फरकाला साधारण ३.१ ने गुणले की तेजातली घट प्रतींमध्ये मिळते. रंगांकात अर्ध्या प्रतीची वाढ असेल तर तेज दीड प्रतीने घटलेले असते, आणि ते लक्षात घेतले नाही तर तारा आहे त्याच्या दुप्पट दूर समजला जातो.

एकेका ताऱ्यापेक्षा तारकागुच्छ घेतला की ही पद्धत खरी भक्कम होते. गुच्छातले तारे जवळजवळ सारख्या अंतरावर आणि एकाच वयाचे असतात, म्हणून त्यांचा रंगांक आणि दृश्यप्रत मांडली की मुख्य क्रमाचा पट्टा स्वच्छ उमटतो. अंतर ठाऊक असलेल्या गुच्छाच्या पट्ट्यावर तो सरकवून बसवायचा आणि किती प्रती सरकवावे लागले ते पाहायचे. कृत्तिकांच्या बाबतीत या रीतीची फार कडक परीक्षा झाली. मुख्य क्रम जुळवून कृत्तिकांचे अंतर सुमारे १३२ पार्सेक येत असे, आणि १९९७ मध्ये जाहीर झालेल्या हिपार्कोसच्या पराशयांनी ते सुमारे ११८ पार्सेक सांगितले. फरक पाव प्रतीएवढाच, पण हिपार्कोस खरा मानला तर कृत्तिकांतले तारे त्याच तापमानाच्या जवळच्या ताऱ्यांपेक्षा विनाकारण मंद आहेत असे मानावे लागत होते, आणि ताऱ्यांच्या अंतरंगाविषयीचे आपले ज्ञान त्याला कोठेच जागा देत नव्हते. २०१४ मध्ये दूरदूरच्या रेडिओ दुर्बिणी जोडून घेतलेल्या मापनाने १३६ पार्सेक दिले, आणि पुढे गाया उपग्रहाच्या पराशयांनीही तोच आकडा दिला. उपग्रहाच्या थेट मापनापेक्षा तेज आणि तापमान यांवरून काढलेले उत्तर खऱ्याच्या अधिक जवळ होते, ही गोष्ट या क्षेत्रात काम करणाऱ्यांना आजही बळ देते.

शाळेतल्या मुलांसाठी मी हाच मार्ग सुचवेन, मात्र कृत्तिकांऐवजी रोहिणीच्या भोवतालचा व्ही अक्षरासारखा गुच्छ आणि कर्क राशीतला पुष्य नक्षत्राचा गुच्छ घ्यावा. हे दोन्ही जवळजवळ एकाच वयाचे आहेत, त्यांच्या द्रव्याची घडणही सारखी आहे आणि वाटेत धूळ नगण्य आहे. शिवाय अगस्त्य आणि व्याध दक्षिणेला सर्वांत वर येतात त्याच वेळी, म्हणजे फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात नऊच्या सुमारास, एक गुच्छ पश्चिमेला आणि दुसरा पूर्वेला साधारण सारख्याच उंचीवर असतो, त्यामुळे किनाऱ्यावरच्या हवेचा परिणाम दोहोंवर सारखाच पडतो आणि वजाबाकीत निघून जातो. साधा डिजिटल एसएलआर कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून, ५० ते ८५ मिलिमीटरच्या भिंगाने, फोकस किंचित सैल करून काही सेकंदांची बरीच छायाचित्रे कच्च्या फाइलींच्या स्वरूपात घ्यावीत. रोहिणीच्या गुच्छासाठी प्रकाशनकाळ कमी ठेवावा, नाहीतर त्यातले तेजस्वी तारे पांढरेफटक होऊन मापन वाया जाते. काळातला हा फरक हिशेबात धरता येतो. दमट हवेने भिंगावर दव धरते, ते दर काही मिनिटांनी तपासावे. कॅमेऱ्यातील हिरव्या भागावरून प्रत आणि निळ्या-हिरव्याच्या वजाबाकीवरून रंगांक घेऊन दोन आलेख एकाच मापाच्या पारदर्शक कागदांवर काढावेत. स्वतः रोहिणी गुच्छाची नाही, ती वाटेतच ६५ प्रकाशवर्षांवर आहे, म्हणून तिला वगळावे. गुच्छांतले पिवळसर राक्षसी तारेही वगळावेत. रोहिणीचा गुच्छ जवळ असल्याने त्यातला एखादा तारा पट्ट्यापासून पाव-अर्धी प्रत बाजूला पडेल, त्याने बिचकू नये. पट्टे एकावर एक बसवायला सुमारे ३ प्रती सरकवावे लागतील. ३ प्रती म्हणजे अंतरात चौपट, आणि रोहिणीचा गुच्छ ४७ पार्सेकवर असल्याने पुष्याचा गुच्छ १८८ पार्सेकवर ठरेल. गायाच्या पराशयांवरून त्याचे अंतर सुमारे १८७ पार्सेक आहे.